ब्रोनाच्या हातांविषयी

ती. डिम्फ्नाताईस,

धाकट्या मॅलकीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज, गुडघ्याने परवानगी दिली नाही.) तुझा खोकला, तुझी मांजर आणि शेजारच्या फादरांशी चाललेलं तुझं भांडण, तिन्ही बरी असतील अशी आशा आहे. इकडे किल्कीला वारा नेहमीचाच. माझी टोपी काल तुझ्या गॉलवेच्या दिशेने गेली; सापडली तर ठेवून घे.

पत्रास कारण, परवा दुपारी माझ्या हॉलवर झालेला नाचाचा खेळ. हो, तोच हॉल, ज्याला तू गोठा म्हणतेस. (गोठाच होता. पण आता तिथे जपानी माणसं तिकीट काढून बसतात.) जगाला आपल्या आयरिश पायांचं एवढं वेड का लागलं, देव जाणे. आपण स्वयंपाकघरात नाचायला लागलो की आई झाडू घेऊन धावायची. आज तेच बघून ओसाकाच्या बायका डोळे पुसतात.

या खेळात तुझी ब्रोना पुढे नाचते. 'तुझी' म्हटलं म्हणून पत्र फाडू नकोस. एवढीशी होती तेव्हापासून तू तिला शिकवलंस, हात बरगड्यांना चिकटवून, मुठी मिटून, जणू हातांचा नाचाशी संबंधच नाही. आणि पोरीने रंगमंचावर हात वर केले म्हणून तू तिच्याशी बोलणं टाकलंस. आता ती खेळाबरोबर वर्षभर जपानला निघाली आहे, पण बॅग भरत नाही. "बाई बोलल्या नाहीत तर जाऊन काय करू, काका?" म्हणते. तिची आई माझ्यावर डाफरते, "तुमच्या बहिणीने काय दगड गिळलाय का?" (मी म्हटलं, गिळला असेल, पण आमच्या घराण्यात पचन चांगलं आहे.)

तर परवाचं. डब्लिनहून आलेल्या दिग्दर्शकाने नाचाच्या जड बुटांचा खडखडाट आधीच ध्वनिमुद्रित करून आणला होता. मला म्हणाला, "प्रेक्षकांना काय कळतंय, मॅलकी!" त्यांना नसेल कळत, पण मी तेलाच्या आवाजावरून बटाटा नवा की जुना ते सांगतो. (चिप्सच्या गाडीपासून हॉलपर्यंत आलो तो याच कानांवर.) इथे पाय आधी थांबत होते, खडखडाट मागून. पण वाद घालायला वेळ कुठला, मध्यंतराच्या चिप्स तळायच्या होत्या. विजेच्या दोन्ही कढया एकदम लावल्या आणि अख्ख्या हॉलची वीज गेली. गोठ्याला खिडक्या कुठून असणार? मिट्ट काळोख, आणि ध्वनिफीत ठप्प. ओळीतल्या पोरी एकमेकींवर आदळल्या. एकीचा कुरळ्या केसांचा टोप उडून माझ्या पायाशी पडला (मी मांजर समजून त्याला हाकललं). पण जड बुटांची एक जोडी चालूच राहिली, ताई. एक ठोका पुढेमागे नाही. डोळे मिटून ऐकलं असतं, तर वाटलं असतं तूच नाचते आहेस. शेवटी कुणीतरी दार उघडलं, उन्हाची तिरीप आत आली, आणि दिसली ब्रोना. हात सरळ खाली! बिचारी घाबरली असणार, आणि घाबरल्यावर तुझी शिकवण बाहेर आली. माझ्या डोळ्यांत कांदा गेला. (आम्ही कांदा ठेवत नाही.)

एवढंच कळवायचं होतं. मागणं काही नाही. प्रकृतीला जप.

तुझा,
मॅलकी

ता. क. इथला शेवटचा खेळ रविवारी तीनला. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची धरली आहे, उशीसकट. बसथांब्यावर घ्यायला येतो.

ता. क. पाकीट टपालात टाकायला ब्रोनाकडे दिलं, तर तिने उघडून वाचलं. पुढचं अक्षर तिचं:

बाई, काकांना काही कळत नाही. मी घाबरले नव्हते. अंधारात बघणारं कुणी नव्हतं, म्हणून हात तुमच्यासाठी खाली धरले. रविवारी उजेड असेल, तेव्हा वर करणार आहे. रागवायला तरी या.