उलटतपासणी बाकी असताना

मी, रहमतबी इकबाल मुलाणी, वय अडुसष्ट, धंदा खानावळ, राहणार महाळुंगे, चाकण, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण बाईंना नीट आठवत नाही असं आरोपीचे वकील भर कोर्टात दोनदा म्हणाले आहेत. मला सगळं आठवतं. त्यांची अडचण तीच आहे.

१. राहतं घर, पुढची खानावळ आणि पोस्टातली ठेव एवढी माझी मिळकत. आमच्या कायद्याप्रमाणे मृत्युपत्राने मला एक तृतीयांशच देता येतं. बाकीचं एकुलता एक मुलगा अफताब याला आपोआप मिळेल. ते अडवणं माझ्या हातात नाही. असतं तर विचार केला असता.

२. त्या तृतीयांशातून खानावळीची भांडी आणि शेगड्या छबूबाईला द्याव्यात. वीस वर्षं तिने माझ्यासोबत पोळ्या लाटल्या. मीठ मात्र तिने बेताने घालावं.

३. उरलेला हिस्सा एका मुलीला. तिचं नाव इथे लिहीत नाही. अशा खटल्यातल्या मुलीचं नाव उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि नसती तरी मी लिहिलं नसतं. नाव बंद पाकिटात शुभदाताईंकडे आहे. कोर्टाच्या कामात मुलीला आधार द्यायला त्यांची नेमणूक झाली होती. हिस्सा त्यांनीच तिच्या हाती द्यावा. तिने त्याचं काय करावं हे कुणी शिकवू नये. शिलाई मशीन घे, असं तर मुळीच म्हणू नये.

४. हे असं का, ते अफताबला कळावं म्हणून लिहिते. सहा वर्षांपूर्वी एका कामगार-ठेकेदाराच्या खोलीवर माझे तीन डबे जात. एक दिवस त्याने चौथा सांगितला, बिनतिखट. कंपनीत लावतो असं सांगून तो परराज्यातून पोरी आणायचा आणि विकायचा. ही मुलगी त्यातलीच, तेव्हा दहा वर्षांची. मला ते तेव्हा माहीत नव्हतं. बिनतिखट कोण जेवतं, हे मात्र खानावळवालीला कळायला हवं. गिऱ्हाइकाच्या खोलीत डोकवायचं नाही, हा आमच्या धंद्याचा रिवाज. तो मी अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी, माणसं शिफ्टला गेल्यावर, स्वतः गेले. दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आत कुणीतरी रडत होतं. मी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

५. असा खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असं कायद्यात लिहिलंय म्हणे. सहा वर्षं झाली. खोलीचा मालक फितूर झाला, पंच फितूर झाला. मुलगी मात्र पडद्याआडून सगळं बोलली. माझी उलटतपासणी गेल्या वर्षी अर्ध्यावर राहिली. वकिलांनी विचारलं, "अकरा दिवस डबा देत होतात, तेव्हा काही वाटलं नाही?" मी तोंड उघडायच्या आत कोर्टाची वेळ संपली. तेव्हापासून त्यांनी चार तारखा मागून घेतल्या. माझं डायलिसिस चालू आहे हे त्यांना ठाऊक आहे.

६. अफताब म्हणाला, "अम्मी, आठवत नाही म्हण ना. त्या अकरा दिवसांपायी लोक तुझ्या तोंडावर थुंकतील." ठेकेदाराची माणसं त्याच्या गॅरेजवर येऊन गेली होती. त्याची भीती खोटी नाही, म्हणून संरक्षणासाठी पोलिसांत अर्ज मीच दिला. पण दहा वर्षांची पोर बोलली आणि तिशी ओलांडलेला माझा मुलगा मला गप्प राहा म्हणतो, याचा राग मला आहे आणि तो मी माफ करत नाही.

७. वकिलांना माझं उत्तर असं: "वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी वाटलं होतं, आणि मी गप्प बसले. ती चूक माझ्या नावावर लिहून घ्या. कुलूप या ठेकेदाराने लावलं होतं, ते याच्या नावावर लिहा."

मृत्युपत्रातलं उत्तर उलटतपासणीत धरत नाहीत, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. तेव्हा ते मला तिथे जाऊन, त्याच्या समोरच द्यावं लागणार.

८. पुढची तारीख अठरा डिसेंबर. चालता आलं नाही तर मला खुर्चीत बसवून न्यावं. तोवर हे मृत्युपत्र उघडायची कुणी घाई करू नये.

स्वतः वाचून, चष्मा पुसून पुन्हा वाचून सही केली.

रहमतबी इकबाल मुलाणी

आमच्यादेखत सही झाली:
१. डॉ. अनुया स्वानंद गोखले, तळेगाव दाभाडे
२. धोंडीबा ज्योतीराम मेंगळे, शेजारी, महाळुंगे

ठिकाण: महाळुंगे, चाकण
दिनांक: २९ नोव्हेंबर २०२५