मुक्कामचा बंदोबस्त

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा तेच. पूल लीगची मॅच अर्धवट. साडेनऊ वाजले आणि हॉलवाल्या काकूंनी टेबलावरचे दिवे खटाखट बंद केले. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना त्यांनी तसा शब्द दिलाय. लीगचा नियम असा की दिवे गेल्यावर ज्या फ्रेम, म्हणजे डाव, उरतील त्यांचे पॉइंट कुणालाच नाहीत. आमच्या पाचपैकी आज दोन उरल्या. कप्तान, म्हणजे आमचे बेकरीवाले, आणि इलेक्ट्रिशियन हे दोघं हातात क्यूची काठी घेऊन आले तसे घरी गेले.

कारण एकच. स्लो प्ले. माझ्यासमोर दुसऱ्या टीमचा शिंपी होता. आमच्या फ्रेमला सव्वा तास लागला. त्याची पाळी कधी आली, कधी गेली, मला कळलंसुद्धा नाही. पण सव्वा तास लागला हे तर खरं?

मी खेळत असलो की हॉल चिडीचूप. क्यूच्या टोकाला चॉक लावून वर पाहिलं तर खुर्च्या रिकाम्या. माझी एकाग्रता मोडू नये म्हणून सगळे बाहेर जाऊन उभे राहतात. कप्तान तर बेकरीत जाऊन पाव भट्टीत घालून येतात. एवढा विश्वास!

पहिली फ्रेम नेहमी मलाच देतात. म्हणतात, तुम्ही सुरू करा, बाकीचे कामं आटपून येतातच. मान मोठा आहे. पण मला हवी आहे ती फायनलची शेवटची फ्रेम. दोन-दोन अशी बरोबरी, सगळे उभे, टेबलावर काळा बॉल आणि मी. एवढं एकदा आयुष्यात व्हायला हवं. बाकी काही मागणं नाही.

४ मार्च

संकल्प : स्लो प्लेचा बंदोबस्त. आजपासून.

संध्याकाळी : आजपासून नको. आधी नीट विचार.

दुकानात मालकांची कटकट. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. ही काच बरी की ती बरी, हे शांतपणे विचारावं लागतं. आज एक आजोबा विचारता विचारता खुर्चीतच झोपले. मालक म्हणाले, गिऱ्हाईक घोरतंय हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, विश्वास असल्याशिवाय माणूस घोरतो का?

१० मार्च, मंगळवार

मोठा शोध!

चॉक लावत असताना दारापलीकडून समोरच्या टीममधल्या दोघांचं बोलणं कानावर आलं. एकाने विचारलं, आज आपल्याला मुक्काम आहे का? दुसरा म्हणाला, आहे ना, म्हणून तर डबा घेऊन आलोय.

काकूंना विचारलं, हा मुक्काम कोण? म्हणाल्या, एक खेळाडू आहे. टेबलाशी गेला की तंबूच ठोकतो.

मी पोट धरधरून हसलो. काय नाव ठेवलंय! शाबास! कोण तो, म्हणून फार खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "तुम्हाला मी काय सांगू?" बाई सभ्य आहेत. कुणाची निंदा करायची नाही.

आजही एक फ्रेम उरली. म्हणजे मुक्काम आज हॉलमध्येच होता. माझ्यापासून हाताच्या अंतरावर.

११ मार्च

तपास. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणजे होतं, पण ते थांबलं.

मी ज्यांच्याशी ज्यांच्याशी खेळलो ते सगळेच संथ निघालेत. म्हणजे रोग पसरलाय. पण मूळ कुठे? विचार करता करता उत्तर मिळालं. शिंपी! त्याच्याइतका वेळ, सव्वा तास, कुणाशीच लागला नव्हता. शिवाय तो खुर्चीत बसून जांभया देतो. ज्याला खेळायची घाई असते तो जांभया देईल का?

रविवारी लीगची मीटिंग आहे. बोलणार. तोंडावर बोलणार.

बायकोला सांगितलं. तिने भाजी ढवळायची थांबवली आणि विचारलं, "अहो, तुम्ही स्वतः? सगळ्यांसमोर?" मी म्हटलं, कुणीतरी हिंमत करायलाच हवी. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग ताटात जास्तीची पोळी वाढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आज तिला मी कळलो.

१५ मार्च, रविवार

विजय! विजय! विजय!

सगळ्या टीम हजर. मी उभा राहिलो. म्हटलं, आपल्यात एक मुक्काम आहे. मी त्याचं नाव घेणार नाही, तो या खोलीतच आहे आणि त्याचं त्याला कळतंय. त्याच्यामुळे माणसांना घरी जेवायला उशीर होतो, फ्रेम वाया जातात, पोरं बाप दिसण्याआधी झोपतात.

पहिल्या वाक्यालाच हशा. मग मला जोरच चढला. क्यू उचलला आणि मुक्काम कसा खेळतो ते करून दाखवलं. चॉक लावतो. टेबलाला फेरी मारतो. उकिडवा बसतो. वाकतो. परत उभा राहतो. दिव्याकडे बघतो. पुन्हा चॉक. हे सगळं मी उत्स्फूर्त केलं, जराही तयारी नव्हती. लोक खुर्च्यांवरून घसरत होते. इलेक्ट्रिशियन भिंतीला डोकं टेकून रडत होता. शिंपीही डोळे पुसत होता. बिचारा.

मग नियम मांडला : दर शॉटला चाळीस सेकंद. काकूंच्या हातात घंटा. घंटा वाजली की पाळी गेली. अंमल फायनलपासून.

एकही हात खाली राहिला नाही. काकूंना लीगमध्ये मत नसतं, त्यांनी दोन्ही हात वर केले.

नंतर शिंपी स्वतःहून आला. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, "मन मोठं लागतं हो याला." मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं. त्याच्या खांद्यावर थोपटून म्हटलं, होतं असं, सुधारता येतं. तो म्हणाला, नक्की येतं, आम्ही सगळे आहोत. आम्ही कोण ते कळलं नाही. त्याच्या घरचे असतील.

२४ मार्च, मंगळवार

सेमीफायनल जिंकली! माझ्यासमोरचा गडी चौथ्या शॉटलाच फ्रेम सोडून गेला. मुलीला क्लासहून आणायचं होतं म्हणे. दबाव सहन झाला नाही असं सरळ सांगायचं ना.

आणि आता बसून नीट लिहायला हवं. कप्तानांनी बाजूला घेतलं. म्हणाले, मीटिंगमध्ये तुम्ही जे केलंत ते करायला छाती लागते. सात सीझन तुम्हाला पहिलं खेळवलं. फायनलला शेवटची फ्रेम तुमची.

शेवटची फ्रेम माझी!

घरी चालत आलो. नाचत आलो असं लिहिणार होतो, पण वयाचा विचार केला. थोडा नाचत आलो.

२५ मार्च

सराव सुरू. बायकोचा स्वयंपाकघरातला टायमर घेतला. डायनिंग टेबल, लाटणं, कांदे. चाळीस सेकंद लावून पहिल्या कांद्यावर वाकलो. टायमर वाजला. टायमर बिघडलाय.

२६ मार्च

नवा टायमर आणला. तोही बिघडलेला. दुकानदाराने बदलून द्यायला नकार दिला. काय ही क्वालिटी.

२८ मार्च

बायको म्हणाली, चाळीस सेकंदांत मारून तर बघा. मी समजावलं, नियम मुक्कामसाठी आहे, माझ्यासारख्या विचार करणाऱ्या खेळाडूसाठी नाही. फायनलला येऊ का, म्हणाली. आनंद झाला. दर मंगळवारी मी नसताना ती बहिणीबरोबर सिनेमाला जाते, एकटीला करमत नसणार. म्हटलं, ये, नवऱ्याला कप उचलताना बघ.

३० मार्च

आज सराव नाही. मन ताजं ठेवायचं. कपाटापुढे उभा राहून उद्याचा शर्ट ठरवला. दुकानात अर्धा दिवस रजा पडली.

३१ मार्च, मंगळवार

जे झालं ते क्रमाने लिहितो.

हॉलमध्ये गेलो. भिंतीवरच्या फळ्यावर काकूंनी आजच्या जोड्या खडूने लिहिल्या होत्या. सगळ्यांत खाली : शेवटची फ्रेम, शिंपी विरुद्ध मुक्काम. मला हसू आवरेना. काकूंना म्हटलं, अहो, एकच माणूस दोनदा लिहिलात, माझं नाव राहिलं. त्यांनी आधी फळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, बसा, पाणी आणते. मीच पुसून दुरुस्त केलं. माझं नाव जरा मोठं लिहिलं.

सामने भराभर झाले. दोन-दोन. बरोबरी. अगदी मनात होतं तसं! मी उठलो.

घंटेच्या आवाजाची सवय व्हायला तीन पाळ्या गेल्या. चौथीला डोळे मिटून मारला तर बॉल आत! मग दुसरा! मग तिसरा! मी इतक्या पटापट कधीच मारले नव्हते, अंगात वारंच शिरलं होतं. कोणीतरी शिट्टी मारली, बायकोच होती. मग चुकलो. शिंपीही चुकला. असं होत होत टेबलावर दोघांसाठीही उरला फक्त काळा; घालेल त्याची फ्रेम. पॉकेटच्या तोंडाशी. फुंकर मारली तरी पडेल असा.

वर पाहिलं. प्रत्येक खुर्चीपुढे माणूस होता. कोणी बाहेर गेलं नव्हतं. कप्तानांच्या हाताला पीठ नव्हतं. शिंपी सोडून सगळे उभे राहून माझ्याकडे बघत होते.

छाती भरून आली. इतका सुंदर क्षण उरकून कसा टाकायचा? चॉक लावला. पलीकडे जाऊन पाहिलं. शॉट सरळच होता. इतका सरळ म्हणजे काहीतरी गोम असणार. उकिडवा बसलो. वाकलो. कापडावर खडूचा एक कण दिसला, तो उठून झटकला. पुन्हा वाकलो. श्वास रोखला.

घंटा.

शिंपी उठला आणि खुर्चीतून टेबलापर्यंतच्या चालीतच त्याने काळा आत घातला.

मला रडू आलं. ते चॉक डोळ्यात गेल्यामुळे असं मी सगळ्यांना सांगितलं.

गंमत म्हणजे कोणी चिडलं नाही. आठच वाजले होते, दिवे चालू. कप्तानांनी बेकरीतून केक आणला आणि दोन्ही टीम एकत्र खात बसल्या, लीगमध्ये पहिल्यांदाच. शिंप्याने मला मिठी मारली आणि म्हणाला, "मुक्काम, हे सगळं तुमच्यामुळे."

स्वतःचं नाव मला कशाला लावतो?

१ एप्रिल

सकाळी बायकोला विचारलं, मुक्काम कोण?

ती चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात. म्हणाली, "अहो, तुम्हाला माहीत नव्हतं? मग मीटिंगमध्ये कोणाबद्दल बोललात?"

ते नाव तिनेच ठेवलंय. पहिल्या सीझनला काकूंचा घरी फोन आला होता की दिवे घालवले तरी तुमचे मिस्टर टेबल सोडत नाहीत. ही म्हणाली, असू द्या, बाथरूममध्येही तसंच आहे, मुक्काम हलेल हळूहळू.

दुकानात गेलो नाही. मीटिंग आठवत पडून राहिलो. ती फेरी. तो चॉक. उकिडवा बसणं. मला वाटलं होतं मी शिंप्याची नक्कल करतोय. इतकी हुबेहूब कशी जमली, याचं त्या दिवशी माझं मलाच कौतुक वाटलं होतं.

पोरं बाप दिसण्याआधी झोपतात, हेही मीच म्हटलं. अंगावर पांघरूण घेतलं.

३ एप्रिल

कप्तानांचा फोन. फार आपलेपणाने बोलले. पुढच्या सीझनलाही घंटा राहणार. म्हणाले, तुम्ही खेळा, किंवा काकूंचा हात दुखतो तर घंटा तुम्ही सांभाळा. दोन्हींत आनंदच आहे. फक्त रविवारपर्यंत सांगा, टीम नोंदवायची आहे.

गहिवरलो. म्हणजे माझी जागा अजून आहे! मी म्हटलं, विचार करून सांगतो.

बाजू मांडतोय. खेळण्याच्या बाजूने सात मुद्दे. घंटेच्या बाजूने सात.

७ एप्रिल, मंगळवार

निर्णय पक्का. खेळणार. आणि झटपट खेळणार. कप्तानांना फोन केला. ते म्हणाले, अहो, रविवार गेला. तुमच्या जागी इलेक्ट्रिशियनचा भाऊ. मग मी म्हटलं, ठीक, घंटा. घंटा शिंप्याकडे गेली होती.

मग कप्तान म्हणाले, बघायला या, खुर्ची ठेवतो तुमच्यासाठी.

१४ एप्रिल, मंगळवार

नव्या सीझनची पहिली मॅच. वेळेवर निघणार होतो. शर्टावरून जरा झालं.

पोचलो तर हॉल रिकामा. पाचही फ्रेम संपवून दोन्ही टीम कधीच जेवायला गेल्या होत्या. काकू टेबलावर कापड घालत होत्या. एक खुर्ची तेवढी टेबलाजवळ ठेवलेली होती, तिच्यावर कप्तानांनी माझ्या वाटचा केक झाकून ठेवला होता.

मी तसाच उभा. काकूंना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी कापड परत दुमडलं. काळा बॉल काढून पॉकेटच्या तोंडाशी ठेवला, फायनलला होता तिथेच. पांढरा समोर ठेवला. म्हणाल्या, "मारा. घंटा नाही, कोणी बघायला नाही. साडेनऊपर्यंत लागेल तेवढा वेळ घ्या."

त्या हिशेबाला आत गेल्या. मी क्यू घेतला. चॉक लावला. पलीकडून एकदा पाहिलं. शॉट सरळच होता. एका झटक्यात मारायचा ठरवलं. फक्त त्याआधी एकदा नीट उकिडवा बसलो.

मग दिवे गेले. साडेनऊ.