‘हो, आणि’चा खेळ

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर रागावणं शोभत नाही, तरी आज मी रागावले आहे. समुद्रपूरच्या पुढे, गिरडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका खेड्यात, एका बाईच्या ओसरीवर बसून हे लिहिते आहे. भरदुपारी समोरच्या घरांची दारं लावलेली आहेत, आणि फटींतून कोणीतरी आमच्याकडे बघतंय असं सारखं वाटतं. ही बाई साठीची, एकटी, दोन शेळ्यांची मालकीण. मी तिला मावशी म्हणते. आज संध्याकाळी गाव तिच्या दारात जाब विचारायला जमणार आहे, आणि त्याला कारण तुमचा खेळ आहे.

तुमचा म्हणजे तुम्ही मला शिकवलेला. वर्ध्याच्या कॉलेजातला तो तापलेला हॉल, आम्ही गोल करून बसलेलो. तुम्ही माझ्यासमोर रिकामा तळवा धरता आणि म्हणता, “घे, पेरू.” मी म्हणते, “सर, हातात तर काहीच नाही.” तुमचा चेहरा खर्रकन उतरतो. “काऊन वं? समोरच्यानं देल्लं तं घेत काऊन नाई? तू नाई म्हटलं का नाटक तिथंच मेलं!” आणि मला व्हरांड्यात उभं केलंत. मी रडले होते, सर, तुम्हाला दिसू दिलं नाही एवढंच. त्याच संध्याकाळी तुमच्या स्वयंपाकघरात काकू भाकरी थापत होत्या, तुम्ही पुन्हा तळवा पुढे केलात आणि मी तो पेरू घेतला, चावला, चुलीच्या राखेत बियासुद्धा थुंकल्या. काकूंची हसून हसून पुरेवाट झाली. तेव्हापासून मला नाही म्हणणं जमेनासंच झालं. लग्नाला हो, बदलीला हो, सासूबाईंच्या आजारपणात नोकरी सोडायलाही हो. नवख्यांना शिकवायला लागले तेव्हा पहिला नियम तोच ठेवला. समोरचा देईल ते घ्यायचं, “हो, आणि” म्हणायचं, गोष्ट पुढे न्यायची.

इथल्या समाजमंदिरात बचत गटाच्या बायका आणि थोडी तरुण पोरं-पोरी येतात. त्यांना गावात एक नाटुकलं करायचं होतं, म्हणून मी इथं मुक्कामाला आले. सुरुवातीला लाजून चूर. मग एकानं म्हटलं, “आमच्या गावात हत्ती आला.” “हो, आणि त्यानं सगळी सरकी खाऊन टाकली.” “हो, आणि मंग त्याचं पोट दुखलं.” काय हसल्या बाया! नवखा माणूस असाच अडखळतो, कान खाजवतो, छताकडे बघतो, आणि त्या अडखळण्यातच मजा असते. परवा एकीनं सुरू केलं, “आमच्या गावात एक बाई राह्यते.” “हो, आणि एकटीच राह्यते.” “हो, आणि तिच्या शेळीचं दूध पेलं त्या लेकराले ताप आला.” “हो, आणि तो अजून उतरला नाई.” “हो, आणि अमावस्येले ती शेताकडे जाते.” मी मूर्ख! मनात म्हणतेय, वा गं माझ्या बायांनो, काय रंगलंय!

मग लक्षात आलं की कोणीच अडखळत नाहीये. कान खाजवणं नाही, छताकडे बघणं नाही. वाक्यं तयार होती. ती घराघरांत कधीपासून बोलली जात असणार, मी फक्त गोल करून दिला. आणि सगळ्यांच्या माना खाली, कारण गोलात सगळ्यात शेवटी, दाराजवळ, मावशी बसली होती. टाळी वाजवून मी खेळ थांबवू शकले असते. पण चालता गोल मोडायचा नाही, हेही तुमचंच. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. वर्गातली सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थिनी ती. म्हणाली, “हो, आणि ती बाई आता घरी जाते.” उठली, चपला घातल्या आणि गेली.

दुसऱ्या दिवशी गावभर एकच. करणी करते हे तिनं सोताच कबूल केलं, तेही मॅडमसमोर. हापशीवर तिची बादली बाजूला सारली. आज पहाटे तिच्या घराच्या टिनावर गोटे पडले. मी धावत आले तर मावशी मलाच म्हणते, “खेळात नाई म्हणू नाई, तुमीच तं सांगतलं होतं.” लाज वाटली सर, जमीन दुभंगावी इतकी. ठाण्यात फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले, अजून कोणी आलेलं नाही. चल माझ्याबरोबर माझ्या घरी, देवळीला, म्हटलं. “माह्या शेळ्या कोण पाहीन? अन् मी गेली तं लोक खरंच समजतीन.”

म्हणून सकाळपासून तिला उलटा खेळ शिकवते आहे. मी गावातला म्हातारा होते, हात पाठीमागे बांधून अंगणात उभी राहते आणि दरडावते, “लेकराले तूच केलं का?” आधी ती पदरात तोंड लपवून हसली. मग हसू गेलं, नजर खाली गेली, “हो” निघालं आणि तिनं जीभ चावली. पुन्हा विचारलं. आता “नाई” येतं, पण परवानगी मागितल्यासारखं. शेवटी वैतागून म्हणाली, “मॅडम, तुमीच म्हणून दाखवा बरं एकडाव.” मी म्हणून दाखवलं. सर, माझंही अगदी तसंच आलं.

हे पत्र कुठल्याच पेटीत पडणार नाही, म्हणून लिहून टाकते. काल चावडीवर मला बोलावून विचारलं, “मॅडम, तिनं तुमच्यासमोर हो म्हटलं का नाई, तेवढं सांगा.” मी खेळ, नियम, सगळं समजावणार होते. पण तोंडातून आधी “हो” गेलं, आणि पुढचं ऐकायला कोणी थांबलंच नाही. आता कोपऱ्यावर माणसं जमायला लागली आहेत. मावशी आत कप विसळत स्वतःशीच “नाई, नाई” घोकते आहे, आणि कालचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.