पाटीतली मैना

पिंपळगाव रेणुकाई
१२ जून २०२५

चि. अर्पितास,
तुझ्या आजीचे पोटभर आशीर्वाद.

भोकरदन तालुक्यात पिंपळगाव नावाचं एक गाव आहे. तिथं तुळजाबाई नावाची तुझी एक आजी राहते. काही ध्यानात येतंय का? न्हाई येत तर तुझ्या आईला विचार, ती समोरच बसून मी सांगते ते लिहून राह्यली. जालना काही विलायतेत न्हाई, तरी पोरगी नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत लागली आणि घरचा रस्ता विसरली. फोनचं नाव काढू नको. फोनवर तू हं, बरं, ठेवते, एवढंच बोलतीस आणि त्यातलंही मला अर्धं ऐकू येतं. पत्र कसं, चार वेळा वाचून घेता येतं.

तू पाठवलेली पाटी पोचली. तुझी आई म्हणते ही पाटी न्हाई, पुस्तकं वाचायचं यंत्र आहे. मला तर पाटीच दिसली. जन्मात शाळेची पायरी न चढलेल्या बाईच्या घरी म्हातारपणी पाटी पाठवलीस, काय म्हणावं तुला! नवी वस्तू म्हणून मी तिला हळदकुंकू लावलं. तुझ्या आईनं पुसून टाकलं. (वायर घालायच्या भोकात कुंकू गेलं होतं म्हणून पुसलं. – सुरेखा)

पाटी तुझ्या आजोबांसाठी आहे हे कळतं गं मला. दिवाळीपासून यांचं वाचणं बंद झालं. मोतीबिंदू काढून झाला, पण डॉक्टर म्हणाले आतला पडदाच झिजला. माणूस दिसतो, अक्षर दिसत न्हाई. लग्नाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून दुपारचं जेवण झालं की हे वाचायचे आणि मी डाळ निवडत ऐकायची. तुझी आई नवी नवरी होती तेव्हा मला अक्षरं शिकवायला निघाली होती. मी म्हणलं, बाई, मी शिकले तर हे भरदुपारी शेतातून घरी कशाला येतील? आता हे दुपारी भिंतीकडं तोंड करून पडतात. झोपत न्हाईत. यांचं घोरणं मला बराबर माहीत आहे.

तुझ्या आईनं पाटीवरची अक्षरं इतकी मोठी केली की एका पानात आठ-दहा शब्द. यांनी सवयीनं जिभेला बोट लावलं आणि पान उलटलं, तर ओल्या बोटानं पाटी एकदम कुठल्या कुठल्या पानावर गेली. आईनं परत आणून दिली, यांनी परत बोट ओलं केलं. मंग चिडले. म्हणाले, याला ना वास, ना वजन, हे पुस्तक न्हाईच. आणि ठेवून दिली ती कोनाड्यात.

आता तू एक कर. नावाड्याची एक कादंबरी होती, तिच्यात मैना नावाची पोर आहे. यांनी मला वाचून दाखवलेलं ते पहिलं पुस्तक. दर दोन-चार वर्षांनी मी तेच परत मागायची. गावचं वाचनालय बंद पडलं, त्यात ते पुस्तकही गेलं. ते पाटीत घाल. त्याच्यासाठी तरी हे हात लावतील. यांनी परत वाचावं, बस. मला दुसरं काही नको.

जीव लावून राहा, आमच्यावरचा लोभ पातळ होऊ देऊ नको.
तुझी आजी
तुळजाबाई

॰

नवीन जालना
१९ जून २०२५

ती. आजीस,
अर्पिताचा साष्टांग नमस्कार. आजोबांना आणि आई-बाबांनाही.

टोमणे पोचले. आईनं एकही गाळलेला दिसत नाही. सध्या पेरणीचा हंगाम आहे, बियाण्याच्या गाड्या रात्रंदिवस भरल्या जातायत, रविवारसुद्धा सुटी नाही. म्हणून पाटी पाठवली, मी आले नाही.

तुझा नावाडी सापडला! ती कादंबरी आता यंत्रावर वाचता येते. इथूनच मी ती तुमच्या पाटीत सोडली आहे. आईला म्हणावं, पाटी उघडली की पहिलंच नाव तिचं दिसेल. आजोबांना सांग, बोट कोरडं ठेवायचं आणि पानाच्या कडेला नुसतं टेकवायचं.

आणखी एक गंमत. ही पाटी स्वतःसुद्धा वाचून दाखवते. आतून एक बाई बोलते. आजोबांनी नाहीच मनावर घेतलं तर आईला तेवढं बटण दाबायला सांग. म्हणजे तुझी दुपार तरी सुनी जायची नाही. पत्रंही मी त्यातच पाठवू शकते, ठळक अक्षरात, पाठवल्या क्षणी पोचतील. पोस्टमन कल्याणमामांना तेवढाच आराम.

पण एवढ्या पुस्तकांतून तुला हेच का हवं होतं, ते लिही.

राग सोड आणि माया आहे तेवढी राहू दे.
तुझी
अर्पिता

॰

पिंपळगाव रेणुकाई
३० जून २०२५

चि. अर्पितास,
आजीचे आशीर्वाद.

तुझी ती बाई बोलली. बोलली आणि घोळ करून ठेवला.

तुझ्या आईनं बटण दाबलं तेव्हा हे इथंच होते. बाई नावाड्याची गोष्ट सुरू करते न करते तोच हे उठले, टोपी घातली आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसले. जाताना एवढंच म्हणाले की बरं झालं, आता माझं कामच उरलं न्हाई. अर्पे, त्यांचं तोंड पाह्यलं असतंस तर तू ती बाई तिथंच गाडली असतीस. मी मात्र बसले ऐकत. पुस्तकाचा मोह वाईट.

बाईचं वाचणं कसं, तर सरकारी. मी शिंकले तरी ती थांबत न्हाई. नावाड्याच्या बायकोचा राग आला म्हणून मी दोन शब्द बोलायला गेले, तर ही पुढं निघून गेली. हे थांबायचे, मी बोलून घेतलं की मंगच पान उलटायचे. चार दुपारी ऐकलं मी. मंग आला पुराचा भाग. मैनाला ताप चढलेला, नदी दुथडी, नावाडी पलीकडून वैद्याला आणायला निघतो. मी सुपातली डाळ बाजूला ठेवली. मला माहीत होतं पुढं काय ते. नाव बराबर वेळेला काठाला लागते, वैद्य मात्रा उगाळतो, मैना डोळे उघडते आणि भाकर मागते.

बाई म्हणाली, मैना गेली.

मी तुझ्या आईला म्हणलं, यंत्र बिघडलं, मागं घे. तिनं मागं घेतलं. परत मैना गेली. मंग तुझ्या आईनं स्वतः डोळ्यांनी वाचलं. तिथं तसंच लिहिलेलं होतं, आणि पुढं दोन-तीन पानांत पुस्तकच संपलं. मंग मैनाचं लग्न? तिची ती नाकात बोलणारी सासू, जिच्यावर मी पोट धरून हसायची? तिची दोन लेकरं? सगळं यांनी पदरचं घातलं होतं गं! सातवी शिकलेला माणूस, कोऱ्या तोंडानं, पानं उलटत उलटत. आणि दर वेळी तसंच्या तसं, एक शब्द इकडचा तिकडं न्हाई.

हेच पुस्तक का, ते तू विचारलंस. तुझ्या बापाच्या आधी मला एक पोर झाली होती. देवीचं नाव ठेवलं होतं, रेणू. मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी, भर पावसाळ्यात तिला ताप भरला. हे तिला खांद्यावर घेऊन भोकरदनला निघाले आणि नाल्याला पाणी म्हणून अर्ध्यातून परत आले. दोन वर्षांचीही न्हवती. त्यानंतर मी बोलणंच सोडलं. माहेरच्यांनी नेलं, आणून सोडलं, देवीला बसवलं, पण तोंडातून शब्द न्हाई. एका दुपारी हे वाचनालयातून ते पुस्तक घेऊन आले आणि माझ्यासमोर बसून वाचायला लागले. मैनानं भाकर मागितली तेव्हा मी पहिल्यांदा बोलले. काय बोलले तर, द्या म्हणावं तिला जल्दी. तेव्हापासून आमचं वाचणं सुरू झालं. रेणूचं नाव मात्र आम्ही दोघांनी परत घेतलं न्हाई. तुझ्या आईचा हात थांबला आहे. एक पोर गेल्ती एवढंच तिला माहीत होतं, नाव आज कळलं.

यांना यातलं काही बोलायचं न्हाई. बाईला मी गप्प करून टाकलं आहे. यांना म्हणलं, तिचं शहरी बोलणं मला समजत न्हाई, आणि पोरीची पत्रं आता पाटीतच येणार आहेत, ती मला कोण वाचून दाखवणार? यांनी कोनाड्याकडं पाह्यलं.

लोभ कर, आणि तोंड बंद ठेव.
तुझी आजी

॰

नवीन जालना
७ जुलै २०२५

ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र कंपनीत जेवणाच्या सुटीत उघडलं आणि डबा तसाच राहिला. रेणूआत्याचं नाव मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

आजोबांनी कोनाड्याकडे नुसतं पाहिलं असं तू लिहिलंस, म्हणजे पाटीला अजून हात लावलेला नाही, म्हणून हे मोकळेपणानं पाटीतच पाठवते आहे. आई, तू आजीला स्वयंपाकघरात नेऊन वाचून दाखव.

आजी, ज्या माणसाला आपल्या पोरीला नाल्यापलीकडे नेता आलं नाही, त्यानं मैनाची नाव मात्र दर वेळी काठाला लावली. तुला कळलंय हे त्यांना कधीच कळू देऊ नकोस. त्यांना वाटेल आपली चोरी पकडली गेली, आणि मग ते परत कधीच वाचणार नाहीत. मला एक सांग, इतक्या वर्षांत तुला खरंच कधी शंका आली नाही?

मी आता लवकर येते. माया वाढू दे, मला खूप लागते आहे.
तुझी
अर्पिता

॰

पिंपळगाव रेणुकाई
२१ जुलै २०२५

चि. अर्पितास,
आजीचे आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

शहाणे, हे पाटीला हात लावत न्हाईत ही गोष्ट जुनी झाली होती. तुझं पत्र येणार म्हणून हे रोज सकाळी पाटी उघडून बसायचे. बोट धोतराला पुसायचे आणि मंग टेकवायचे. आणि पत्र आलं ते नेमकं असलं!

मला हाक मारली, बसवलं, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. तू लिहिलं होतंस म्हणे की पाऊस बरा आहे, सरकीच्या बियाण्याला मागणी आहे, म्हशीचं वगारू कसं आहे, आजीनं गुडघ्याला तेल लावावं. चांगलं लांबलचक वाचलं. मध्ये एकदा थांबून पाणी प्यायले, परत वाचलं. मीही मान डोलवत होते. म्हणलं, पोरगी सुधारली, गुडघ्याचं विचारून राह्यली. तुझी आई चहा घेऊन यांच्या पाठीशी उभी होती. अक्षरं तर हातभर लांबून दिसतील एवढी. तिनं कप तसेच खाली ठेवले. मला चुलीपाशी नेऊन तिनं खरं पत्र सांगितलं, तेव्हा मी तुला चांगल्या शिव्या दिल्या. त्या तिनं इथं लिहिल्या न्हाईत. (लिहिण्यासारख्या नव्हत्या. – सुरेखा)

मंग घरात काय शांतता पोरी! मला कळलंय हे यांना कळलं. यांना कळलंय हे मला कळलं. आणि दोघं एकमेकांना विचारून राह्यलो, चहात साखर बराबर आहे का. पाटी परत कोनाड्यात गेली. मला वाटलं, संपलं. डोळ्यांनी नेलेलं वाचणं पाटीनं परत आणलं, ते आता लाजेनं गेलं.

पण मागच्या आठवड्यात एका दुपारी हे स्वतः उठले, पाटी काढली आणि मला न विचारता नावाड्याची गोष्ट पहिल्यापासून लावली. यांचा आवाज थोडा बसला आहे. पण मी शिंकले तेव्हा थांबले. रोज थोडं थोडं करत परवा पुराचा भाग आला. नावाड्यानं नाव पाण्यात लोटली आणि हे थांबले. मी काही बोलले न्हवते, शिंकलेही न्हवते. यांनी वर न बघता विचारलं की पुढं कसं वाचू, लिहिलंय तसं का.

तूही विचारलं होतंस ना, शंका आली न्हाई का म्हणून. एकदा आल्ती. एका वेळी मैनाची सासू हुबेहूब माझ्या सासूसारखी खोकली तेव्हा. मी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर मैनाचं काय झालं असतं?

मी यांना म्हणलं, लिहिलेलं त्या बाईनं सांगितलं मला. तुम्ही वाचता तसं वाचा.

यांनी पाटीवर बोट टेकवलंच न्हाई. तेवढ्यात पाटी आपली आपण झोपली, अक्षरं जाऊन तिच्यावर झाडाचं चित्र आलं. यांनी ती जागी केली न्हाई. तशीच मांडीवर धरून वाचायला लागले. नाव काठाला लागली, वैद्यानं मात्रा उगाळली, पोरीनं डोळे उघडले. भाकर मागायची वेळ आली आणि यांच्या तोंडून मैनाच्या जागी रेणू आलं. रेणूनं भाकर मागितली, असं वाचलं यांनी.

मंग वाचणं राह्यलं बाजूला. यांनी सांगितलं की त्या दिवशी नाल्याच्या काठावर ती यांच्या खांद्यावरून पाण्याला टाटा करत होती. मला हे माहीत न्हवतं. मी सांगितलं की ती यांच्या टोपीत शेंगा लपवायची. ते यांना माहीत न्हवतं. इतकी वर्षं एका घरात राहून अर्धी पोर यांच्याकडं आणि अर्धी माझ्याकडं होती. दिवेलागणीला तुझा बाप शेतातून आला तर आमची तोंडं बघून त्याला वाटलं कुणीतरी गेलं. मी म्हणलं, तुझी मोठी बहीण आली आहे, हातपाय धुऊन बस.

पाटीचं बरं चाललं आहे. कालपासून यांनी दुसरं पुस्तक लावलं. त्यात एक म्हातारा दुखण्याला पडला आहे. मी आत्ताच सांगून ठेवलं की त्याला मरू दिलं तरी चालेल.

नागपंचमीला सुटी काढून ये. कामाची सबब ऐकणार न्हाई. माया तुझी तुझ्यापाशी, आमची कमी पडली तर मागून घे. आणि तुझ्या घरमालकीणबाई तारादेवी श्रावणात घेवर करतात म्हणे, ती मारवाड्यांची जाळीदार मिठाई. त्यांच्याकडून चार मागून आण, दूध घालून केलेलं नको, साधं आण, आणि पाक वेगळ्या डब्यात, झाकण नीट लावून.

तुझी आजी
तुळजाबाई