पंपावरची आमची खूण

१५ नोव्हें. ८६, शनि.
उड्डाणातून कायमच्या काढलेल्या लढाऊ विमानांतल्या सुट्या भागांचा माल आला. धुवायचा, तपासायचा, चांगला तो उडणाऱ्या विमानांसाठी परत पाठवायचा. तपासणी माझी. बाकी किरकोळ, इंधनाचा पंप एकच. त्याच्या मानेला केसाएवढी चीर. लाल रंग लावून पुसला, पांढरी पावडर मारली, तर रेघ ठळक उठली. बाद! बाद मालाच्या पेटीत टाकण्याआधी पंपाच्या तळाला घरची खूण कोरली, तीन तिरके चरे, एक आडवा. आमच्या घिवली गावात जाळ्याच्या तरंगत्या बोयांवर प्रत्येक घराची वेगळी असते. हल्ली ही पेटी मला हलकी वाटते, कुणी माल काढून नेतं की काय, म्हणून.

१९, बुध.
पेटीत पंप नाही. साहेब म्हणाले, भंगारात गेला. भंगारवाला तर या आठवड्यात फिरकलेलाच नाही.

२०, गुरु.
रवानगीच्या टेबलावर सहा पंप. नवा रंग, प्रत्येकाला 'ठीक'ची चिठ्ठी, खाली माझी सही. सही माझीच. घाईत साहेब कोऱ्या चिठ्ठ्यांवर घेऊन ठेवतात आणि मी गाढव देतो. चौथ्याच्या तळाला नखाला चरे लागले. तीन तिरके, एक आडवा. रंग आमच्या रंगकामावरच्या दामूदादाने मारलेला. आमच्याच आळीतला, आमची खूण लहानपणापासून ओळखतो. दिसली नसेल? की साहेबांनीच गप्प रंगवायला सांगितलं...
संध्याकाळी पंप डब्याच्या पिशवीत घातला, वर सुकटीचं पुडकं. गेटवर वॉचमनने नाक दाबलं. "जाओ भाई, जाओ."

२१, शुक्र. सुट्टी.
पंप घरात, जाळ्याखाली. हिलाही सांगितलं नाही. सकाळी दामूदादा आला. एरवी कधी येत नाही. चहा घेतला, बाबांशी मासळीचं बोलला, नजर सारखी जाळ्याकडे. निघताना कुंपणापाशी हळूच म्हणाला, "तो पंप होडीला लावू नको हां. चीर हाय त्याला. बापूस बुडल तुजा."
"मग विमानाला चालतो?"
त्याने कुंपणाची कडी काढली. "उद्या साहेब इचारतील. मी काय बोललो नाय अजून."
अजून.
त्याचा राग आला, त्याहून माझा. दुपारभर एकच डोक्यात. या आठवड्यात माझ्या हाताखालून एकच पंप गेला. टेबलावर सहा होते. उरलेल्या पाचांवरही माझी सही आहे, आणि ते उद्या निघतात.