आहेरात आलेल्या जाहिराती

मी, भीमाप्पा लक्ष्मण कोलकार, वय सहासष्ट, तालुका कचेरीतला निवृत्त कारकून, राहणार निपाणी, जिल्हा बेळगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत करून ठेवत आहे. कुणाचे दडपण नाही, नशापाणी नाही. डोके ठिकाणावर आहे, फक्त तापलेले आहे, आणि ते का याची नोंद पुढे येईल.

कलम १. राहते घर, पडवी व बोअरसह, मुलगा बुद्धप्रिय आणि मुलगी अक्षरा यांना निम्मे-निम्मे. माझी पत्नी कै. लक्ष्मीबाई हिने लावलेले लिंबाचे झाड कुणाच्याही वाट्याला आले तरी तोडायचे नाही. बुद्धप्रियला बेंगळुरूत राहून जिकडेतिकडे गाडी लावायची जागा दिसते, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

कलम २. घर काय, कायद्यानेही वाटले गेले असते. मृत्युपत्र करायचे कारण वेगळे आहे. 'कन्नड कागद मराठीतून' हे माझे संकेतस्थळ माझ्यामागे बंद पडू नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत कन्नड. उताऱ्यावर आपले नाव आहे की चुलत्याचे, हे वाचता न येणारी माणसे मी नोकरीभर खिडकीतून पाहिली. निवृत्त झालो आणि थोरली बहीण मनुबाई, म्हणजे आमची आक्का, सदलग्याहून शेताचा उतारा घेऊन आली. ती विधवा, आणि दीर लई गोड बोलायला लागलेला. "ह्यात माझं नाव हाय का न्हाय, तेवढं सांग," म्हणाली. नाव होते. तिला अक्षर येत नाही, म्हणून कुठल्या ओळीत काय असते हे बोट ठेवून तिला सांगितले, तेच रात्री लिहून काढले आणि अक्षराने ते इंटरनेटवर चढवले. ते पहिले पान. मग वारसानोंद, रेशन, जातीचा दाखला, वीजबिल असे एकेक वाढत गेले. खानापूरपर्यंतची माणसे वाचू लागली, फोन करू लागली. बुद्धप्रिय म्हणत होता, आप्पा, वाचतंय कोण, व्हिडिओ करा. मी केला नाही. कागद थांबून थांबून वाचायचा असतो, आणि व्हिडिओतला माणूस थांबत नाही.

कलम ३. जाहिरातींविषयी. अक्षराच्या सांगण्यावरून पानांवर जाहिराती घेतल्या. कुठली लावायची ते कंपनी ठरवते, आणि वाचणाऱ्याने त्यावर बोट लावले की थोडे पैसे मला. आता गंमत बघा. मी बौद्ध माणूस. घरात पंचांग नाही, पोरांच्या पत्रिका काढल्या नाहीत. आणि माझ्या पानावर भाग्यरत्नाच्या अंगठ्या! जातीच्या दाखल्याखाली कुंडली. अंगठ्या बंद करायला शिकलो तर वशीकरणवाले बाबा आले. रोज सकाळी चहाआधी मी बाबा हाकलत बसायचो. अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पहिली रक्कम जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा लक्ष्मीबाईच्या फोटोपुढे फोन धरला, हेही खरे. संकेतस्थळाचा वर्षाचा खर्च त्यातून भागत होता. पेन्शनीला हात लावावा लागत नव्हता.

कलम ४. हे कलम कुणी वगळू नये. अक्षराच्या लग्नपत्रिकेत मी ठळक छापले होते की आहेर स्वीकारला जाणार नाही. आक्काला ते झोंबले. भावाच्या पोरीच्या लग्नात मी हात हलवत जाऊ व्हय, असे तिने सदलग्यात चार घरी बोलून दाखवले. जाहिरातीला बोट लावले की पैसे मिळतात, हे मीच तिला पूर्वी कौतुकाने सांगितले होते. कौतुकाने सांगितले होते, फर्मान काढले नव्हते.

लग्नाच्या हॉलमध्ये बुद्धवंदना झाली, हार घातले, मी भात पुरेल का बघायला मागे गेलो. तेवढ्यात आक्काने माईक घेतला. भीमा आहेर घेत न्हाय, तवा समद्यांनी फोन काढा आणि त्याच्या जाहिराती दाबा, असे तिने जाहीर केले. मी परत आलो तर आमचे शेजारी आण्णाप्पा आहेर पुकारतात तसे पुकारत होते: मुलीच्या आत्याकडून एकवीस जाहिराती, चिकोडीच्या मामांकडून एकावन्न. सगळा हॉल माना खाली घालून बोटे चालवत होता, हॉलच्याच वायफायवर. एका पाहुण्याने तर अंगठी मागवली.

त्याच आठवड्यात कंपनीने खाते कायमचे बंद केले. कारण दिले, खोटे क्लिक. साठलेले पैसे जाहिरातदारांना परत. खुलासा द्यायला एक चौकट होती. साहेब, ही फसवणूक नव्हे, आहेर होता, असे मी लिहिले. क्षणात नकार आला. आहेर म्हणजे काय ते सविस्तर लिहिले. पुन्हा तोच नकार, शब्दाला शब्द. एका हॉलमधून एवढी बोटे पडल्यावर त्यांनी तरी काय समजावे, हे मला कळते. कळते म्हणून राग जात नाही. त्या दिवसापासून मी आक्काशी बोललेलो नाही. तिचे एकच पालुपद, चोरी केली न्हाय, दिलंय.

कलम ५. संकेतस्थळ, लॅपटॉप व बँकेतली माझी ठेव अक्षराला. ठेवीच्या व्याजातून संकेतस्थळाचा खर्च भागवावा. जाहिरात घ्यायची नाही, विकायचे नाही. उत्पन्न नाही तर बंद करू, असे बुद्धप्रियचे मत आहे. त्याला माझे मनगटी घड्याळ व स्कूटर, आणि या विषयात मत नाही.

कलम ६. बहीण मनुबाई हिला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे नजरचुकीने नव्हे, जाणूनबुजून.

इथवर छापील आहे. पुढचे सहीपूर्वी हाताने लिहीत आहे.

ठरलेले दुसरे साक्षीदार परशराम गुडघा धरल्यामुळे आले नाहीत. वकील म्हणाले, ज्याला यातून काही मिळत नाही असा कुणीही चालेल. अक्षराने न विचारता आक्काला बोलावून घेतले होते. ती सकाळपासून पडवीत बसून होती आणि वकिलांनी वाचलेले कलम ६ तिने ऐकले होते. आत येऊन म्हणाली, "मला काय न्हाय न्हवं? मग मीच की साक्षीदार. शाई आणा." आणि माझ्याकडे बघून, "भीमा, माझं पान तेवढं ऱ्हाईल न्हवं?"

"ऱ्हाईल, आक्का," मी म्हणालो.

मी वकिलांना सांगितले, कलम ६ खोडा. दिराच्या दारात तिचे काय चालले आहे ते मला ठाऊक आहे. पडवीलगतची खोली तिला हयातभर राहायला द्या, असे लिहा. वकील म्हणाले, मग साक्षीदार दुसरा शोधावा लागेल, साक्षीदाराला दिलेल्यावर पुढे कोर्टात वाद होतो. मी म्हणालो, शोधू. आक्काने तोवर अंगठा शाईत बुडवला होता.

"नगं," ती म्हणाली. "मी आहेर घेत न्हाय."

कलम ६ कायम.

सही: भीमाप्पा लक्ष्मण कोलकार

वरील सही आमच्यासमोर झाली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार १: आण्णाप्पा, शेजारी (सही)
साक्षीदार २: मनुबाई, बहीण, सदलगा (डाव्या हाताचा अंगठा)

निपाणी, १० नोव्हेंबर २०२५