कोरड्या गाठी, ओल्या गाठी

प्रिय ठकू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तिसरीपर्यंतची शाळा, तीही तुकड्यातुकड्यांनी झालेली, त्यामुळे हे लिहायला मला तीन दुपारी लागल्या. जोडाक्षरं आली की पेन्सिल अडते. तुझा बाबा म्हणाला, फोन कर की. पण त्याला हल्ली स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि मग आपलं बोलणं अख्खी गल्ली ऐकते.

करार मोडला नाही, हे आधी सांगते. ओढ्यावरच्या आठही गावांचा, राज्याच्या सीमेच्या अलीकडच्या पाच आणि पलीकडच्या तीन, तू दोन वर्षं पायपीट करून जुळवलेला तो करार शाबूत आहे. पण परवा अगदी गेल्यातच जमा होता.

मी अजून दर सोमवारी विहिरीवर जाते. गुडघे कुरकुरतात, पण दोर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला जीव होत नाही. हाताहाताच्या अंतरावर गाठी, टोकाला दगड. डुबुक झालं की थांबायचं, काठापर्यंतच्या गाठी मोजायच्या आणि तू दिलेल्या कागदावर आकडा लिहायचा. या महिन्यात एकतीस. ओढ्याच्या खालच्या गावाचा आकडा आला सहा. करारातला नियम असा की ज्याच्या विहिरीत पाणी जास्त, त्याने शेताचा पंप आधी बंद करायचा. ते म्हणाले, एकतीस हात पाणी दाबून बसलात, वर आमच्यापुढे रडता? आपली माणसं म्हणाली, पावसाळ्यानंतर आमचे नऊ होते आणि तुमचे अठ्ठावीस, तेव्हा पंप बंद करताना तुमची तोंडं का वाकडी झाली होती? झालं! तुझा काका तर म्हणाला, त्या गावाशी सोयरीक नको. जसं काही त्याच्या पोराला तिकडून मागण्याच येत होत्या!

शेवटची बैठक म्हणून परवा सगळे त्यांच्या गावी गेलो. मीही टेम्पोत बसले, कुणी नको म्हणायच्या आत. त्यांच्या वेशीवर बोअरचं मशीन येऊन उभंच होतं. करार मोडला की त्यांनी खणायचं, मग आपण त्यांच्याहून खोल खणायचं, आणि दहा वर्षांत आठही गावांनी दगड चाटायचे. आत भाषणं सुरू झाली. मला भाषणात झोप येते हे तुला ठाऊक आहे, म्हणून पाय धुवायला त्यांच्या विहिरीवर गेले. छान आहे गं विहीर, कठडा आपल्यापेक्षा बरा.

तिथे एक म्हातारा दोर सोडत होता. पूर्वी बस चालवायचा, आता घरात सून बोलते म्हणून विहिरीवर बसतो, हे त्यानेच सांगितलं. दगड पाण्यावर टेकला तरी तो थांबेना. पार तळाला पोचवला, मग दोर वर ओढला आणि भिजलेल्या गाठी मोजल्या. सहा. मी म्हटलं, अहो, ओल्या काय मोजता, मोजायच्या त्या कोरड्या! तो म्हणाला, बाई, पाणी मोजायचं की हवा? ठकू, मी कठड्यावर बसून इतकी हसले की त्याला वाटलं मला भोवळ आली. मग त्याच्याकडून कोरड्या मोजून घेतल्या. तीस. दोन्ही गावं खरं बोलत होती, दोन्ही विहिरी सारख्याच आटल्या होत्या.

बैठकीतून सगळ्यांना उठवून तिथे आणलं. दोनदा दोर सोडून दाखवला. तुझा काका कठड्याचं बांधकाम फार निरखून बघत होता. आता दोन्ही गावांचे पंप एकाच दिवशी बंद होणार आहेत. मशीन संध्याकाळी परत गेलं. म्हातारा आपल्या विहिरीवरचा दोर बघायला पुढच्या सोमवारी येतोय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. त्यांच्या पुढाऱ्याने विचारलं, चूक कुणाची? मी म्हटलं, माझी. नातीने शिकवलं होतं ओल्या मोजायच्या, मी अडाणी, कोरड्या मोजत बसले. सगळे हसले आणि विषय मिटला. पण घरी येऊन तुझा कागद पुन्हा वाचला. त्यावर नुसतं लिहिलंय, ‘पाणी – किती हात’. काठापासून की तळापासून, ते लिहायचं तुझ्याकडून राहिलंय, बाळा. गेल्या खेपेला म्हणालीस, हाच कागद आणखी चाळीस गावांना जाणार आहे. जाण्याआधी तेवढी एक ओळ घाल. मी कुणाला बोललेली नाही, बोलणारही नाही. आणि पत्र वाचून झालं की फाडून टाक, माझं अक्षर कुणी बघायला नको.

तुझीच,
कोरड्या गाठीवाली आजी